विवेकाची परीक्षा

“तुझ्या डोळ्यांदेखत शत्रूचा शिपाई तुझ्या आईवर चालून आला, तर तू काय करशील?”

श्रोतेहो, १९१६ साली इंग्लंडातील गावोगावच्या सभागृहांत हा प्रश्न हजारो तरुणांना विचारण्यात आला. लांब मेजाच्या एका बाजूस वयस्क, प्रतिष्ठित गृहस्थ बसलेले असत. दुसऱ्या बाजूस कोणी कारकून, कोणी विणकर, कोणी शाळामास्तर उभा असे. “मी त्याला मारीन” असे उत्तर आले, तर लागलीच विचारावयाचे, “मग जर्मनाला मारण्यास हरकत कसली?” आणि “मी मारणार नाही” असे आले, तर म्हणावयाचे, “आईचे रक्षण न करणारा हा कसला मुलगा?” मी आयुष्याची पस्तीस वर्षे मुलांच्या परीक्षा घेण्यात घालविली आहेत. ज्या प्रश्नाला विद्यार्थ्याने काहीही उत्तर दिले तरी शून्यच मिळावयाचे, तो प्रश्न परीक्षेचा नव्हे, एवढे मला निश्चित कळते.

ज्यांना हा प्रश्न विचारला गेला, त्यांना इंग्रजीत ‘कॉन्शेन्शस ऑब्जेक्टर’ म्हणतात. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सैन्यात जाण्याचे नाकारणारा तो हा मनुष्य. आपण आज त्याला ‘विवेकनकारी’ म्हणू. आपल्या देशात सैन्यात जाणे ही खुषीची गोष्ट असल्यामुळे हा प्रश्न सहसा आपल्या कानावर येत नाही. मी स्वतः सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे पलटणीत माणूस नाही असे घर शोधावे लागते. माझे दोन चुलतभाऊ सैन्यात होते आणि त्यांच्याविषयी मला अभिमान आहे. तेव्हा मी या पंथाचा वकील म्हणून बोलतो आहे, असा कोणी समज करून घेऊ नये.

गंमत अशी की, हा शब्द इंग्रजी कायद्यात प्रथम आला तो युद्धासाठी नव्हे, तर देवी काढण्यासाठी! १८९८ साली इंग्लंडात लसीचा जो कायदा झाला, त्यात ज्या आईबापांचा मनापासून विरोध असेल, त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन तशी खात्री पटवून मुलाला टोचून घेण्याच्या सक्तीतून सूट मिळविता येत असे. ‘मनापासून’ म्हणजे काय हे कसे ठरवावे, या पेचाने मॅजिस्ट्रेट तेव्हाच हैराण झाले होते. पुढे अठरा वर्षांनी तोच पेच जीवनमरणाच्या प्रसंगी उभा राहिला.

महायुद्धाच्या पहिल्या दीड वर्षात इंग्लंडाने स्वेच्छेने आलेल्या माणसांवर भागविले. परंतु फ्रान्समधील खंदकांची भूक भागेना. जानेवारी १९१६ मध्ये पार्लमेंटने लष्करी सेवेचा कायदा मंजूर केला. १८ ते ४१ वयाचे सर्व अविवाहित पुरुष आणि मुलेबाळे नसलेले विधुर हे सैन्यात भरती झालेलेच आहेत, असे या कायद्याने मानले. त्याच वर्षी मे महिन्यात विवाहितांनाही त्यात ओढण्यात आले. मात्र त्यात एक कलम असे होते की, लढण्याच्या कामास ज्याचा विवेक विरोध करतो त्याने आपल्या गावच्या पंचमंडळापुढे अर्ज करावा. हे कलम यावे म्हणून पार्लमेंटमधील दोन क्वेकर सभासदांनी, एडमंड हार्वे आणि अर्नोल्ड राउन्ट्री यांनी, पुष्कळ खटपट केली होती. युद्ध ऐन रंगात असता एखाद्या राज्याने ‘तुझे मन नाही म्हणत असेल तर ऐकून घेऊ’ असे कायद्यात लिहावे, ही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजांना आपण पुष्कळ नावे ठेवतो, आणि ती ठेवावयास जागाही आहे. परंतु हे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

आता, ख्रिस्ती मनुष्याला युद्ध वर्ज्य का वाटावे? मूळ आधार येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा. वैऱ्यावर प्रीती करा, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही करा, हा उपदेश आपल्याकडे ख्रिस्ती नसलेल्यांनाही ठाऊक आहे. पहिल्या तीन शतकांतील कित्येक ख्रिस्ती लोकांनी तो शब्दशः घेतला. १२ मार्च २९५ रोजी उत्तर आफ्रिकेतील तेबेसा या गावी, जे आज अल्जीरियात आहे, माक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाला सैन्यभरतीसाठी रोमन अधिकाऱ्यापुढे उभे करण्यात आले. त्याची उंची मोजली गेली, आणि गळ्यात शिपायाची शिशाची मुद्रा घालण्याचा हुकूम झाला. ती घेण्याचे त्याने नाकारले. अधिकारी काही राक्षस नव्हता. त्याने समजूत घालून पाहिली की, अरे, बादशहाच्या खास पलटणीतही ख्रिस्ती शिपाई आहेत, ते नाही का नोकरी करीत? त्यावर मुलाने सांगितले की, त्यांचे योग्य काय ते त्यांना ठाऊक. मी ख्रिस्ती आहे, मला हे करता येत नाही. त्याच दिवशी त्याचा शिरच्छेद झाला.

या जुन्या प्रसंगात आपल्या सगळ्या विषयाची मेख आहे. सैन्यात ख्रिस्ती शिपाई होते, हे अधिकाऱ्याचे म्हणणे खरे होते. आणि मुलाचा विवेकही खरा होता. पुढे बादशहाच ख्रिस्ती झाले. मग साम्राज्याचे रक्षण करणे हे ख्रिस्ती माणसाचेच कर्तव्य ठरले, आणि संत ऑगस्टिनसारख्यांनी न्याय्य युद्ध कोणते व अन्याय्य कोणते याचा विचार मांडला. बहुसंख्य ख्रिस्ती मंडळ्या आजही त्याच मार्गाने विचार करतात. जुना नकार जिवंत राहिला तो लहान लहान पंथांत. त्यांपैकी इंग्लंडातील क्वेकर पंथ मुख्य. त्याचा संस्थापक जॉर्ज फॉक्स हा १६५१ साली डर्बीच्या तुरुंगात असता त्याला सैन्यात कप्तानाची जागा देऊ केली गेली. सुटका आणि मान दोन्ही एका शब्दावर मिळत होती; त्याने नाकारली आणि आणखी काही महिने अंधारकोठडीत काढले.

तेव्हा १९१६ साली पंचांपुढे क्वेकर आला, तर त्यांना थोडे सोपे जाई. आजा-पणजापासून चालत आलेले मत आहे, एवढे तरी दिसे. परंतु मेथडिस्ट आला तर? त्याच्या मंडळीचे इतर तरुण खंदकात लढत होते, आणि त्याचे धर्मगुरू व्यासपीठावरून भरतीचे आवाहन करीत होते. मग तुझाच विवेक निराळा कसा, असे पंच विचारीत. माक्सिमिलियनला विचारलेला प्रश्न सोळाशे वर्षांनी पुन्हा विचारला जात होता. पंच म्हणजे तरी कोण? गावचे व्यापारी, नगरपालिकेचे सभासद, जमीनदार. कोणाचा मुलगा आघाडीवर होता, कोणाचा नुकताच पडला होता. शेजारी लष्कराचा प्रतिनिधी बसलेला असे आणि त्यालाही प्रश्न विचारण्याचा अधिकार असे. एकेका अर्जाला काही मिनिटे मिळत. या मंडळींना मी दुष्ट म्हणणार नाही. कोळशाचा भाव आणि गटाराचा उतार ठरविण्यासाठी निवडून आलेल्या माणसांच्या हाती दुसऱ्याच्या अंतःकरणाची मोजपट्टी दिली, तर ती धरावी कशी हे त्यांना कोठून कळावे?

परिणामी बहुतेकांना अर्धवट सूट मिळाली. लढावयाचे नाही, पण सैन्यात यावयाचे. त्यासाठी मार्च १९१६ मध्ये निःशस्त्र कामगारांची एक स्वतंत्र पलटण काढण्यात आली. रस्ते करणे, माल उतरविणे, लाकूड तोडणे अशी तिची कामे. सुमारे साडेतीन हजार लोकांनी ते पत्करले. परंतु ज्यांना वाटे की, मी उतरविलेल्या पेटीतूनच कोणाच्या तरी मरणाचे सामान जाणार, त्यांना हा तोडगा मान्य होईना. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते आता शिपाई झालेले होते, आणि शिपायाने हुकूम मोडणे हा गुन्हा होता.

अशांपैकी सोळा जण यॉर्कशायर परगण्यातील रिचमंड येथील जुन्या किल्ल्यात कोंडले गेले. त्यांत क्वेकर होते, मेथडिस्ट होते, बायबलचा निराळा अर्थ लावणाऱ्या नव्या पंथाचे होते आणि धर्मापेक्षा समाजवादावरच भिस्त ठेवणारेही होते. नॉर्मन गॉडी हा फुटबॉलपटू, तर आल्फ्रेड मार्टल्यू हा यॉर्कच्या चॉकलेटच्या कारखान्यातील कारकून. माझे लक्ष ज्याच्याकडे विशेष वेधते तो बर्ट ब्रॉकल्स्बी. तो माझ्याच पेशाचा, शाळामास्तर. मेथडिस्ट मंडळीत तो हौसेने प्रवचनेही करीत असे. त्याचे सख्खे भाऊ सैन्यात होते. एकाच घरात, एकाच शुभवर्तमानाचे पाठ घेऊन वाढलेली भावंडे दोन वाटांनी गेली, आणि त्यांच्यापैकी कोणीही भित्रा नव्हता.

२९ मे १९१६ रोजी या सोळा जणांना किल्ल्यातून काढून फ्रान्सला रवाना करण्यात आले. यातील हेतू समजून घेण्यासारखा आहे. इंग्लंडात हुकूम मोडला तर शिक्षा कैदेची. परंतु रणभूमीवर, शत्रूसमोर, हुकूम मोडला तर शिक्षा मृत्यूची. समुद्र ओलांडला की कायदा तोच, पण त्याचे दात निराळे. इतर ठिकाणचे असेच काही नकारी आधीच फ्रान्सला पोहोचविण्यात आले होते. त्यांतील कित्येकांना ‘फील्ड पनिशमेंट’ नावाची शिक्षा भोगावी लागली. तीत दिवसाकाठी दोन दोन तास चाकाला, कुंपणाला किंवा आडव्या दांड्याला हात बांधून उभे करीत. शिपाईच या शिक्षेला ‘क्रूसावर देणे’ म्हणत.

घरी पत्र लिहिण्याची सोय नव्हती. होते ते फक्त शिपायांना मिळणारे छापील कार्ड. त्यावर ‘मी खुशाल आहे’, ‘मला मागच्या तळावर पाठवीत आहेत’, ‘तुझे पत्र बरेच दिवसांत नाही’ अशा ओळी तयार असत. नको त्या खोडावयाच्या. पदरचे एक अक्षर जरी लिहिले तरी कार्ड नष्ट होई. आमच्या मास्तरांनी काय करावे? त्यांनी त्या इंग्रजी ओळींतील शब्द आणि अक्षरे अशा खुबीने खोडली की, उरलेल्या अक्षरांतून ‘मला बुलोनला पाठवीत आहेत’ असा मजकूर वाचता यावा. लिहिले काहीच नाही, फक्त खोडले! परीक्षकाच्या हातावर तुरी देणारा असा विद्यार्थी मला आयुष्यात भेटला नाही. कैदी कोठे आहेत हे अशा रीतीने इंग्लंडातील मित्रांना कळले. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले, आणि ऑक्सफर्डचे विद्वान प्राध्यापक गिल्बर्ट मरी यांच्यासारखी माणसे मुख्य प्रधान ॲस्क्विथ यांच्या दारात गेली.

१५ जून १९१६ रोजी बुलोन येथे कवायतीच्या मैदानावर पलटणी चौकोनात उभ्या केल्या गेल्या, आणि पहिल्या चार नकाऱ्यांना निकाल वाचून दाखविण्यात आला. सर्वांत पहिला हॉवर्ड मार्टन, बँकेतला कारकून, क्वेकर. अधिकाऱ्याने वाचले, गोळी घालून मृत्यूची शिक्षा. थांबला. सरसेनापतींनी ही शिक्षा कायम केली आहे. पुन्हा थांबला. आणि मग, ती कमी करून दहा वर्षांची सक्तमजुरी केली आहे. त्या दोन विरामांत त्या तरुणांच्या मनात काय चालले असेल, हे आपण घरी आरामखुर्चीत बसून सांगू नये. अशा रीतीने मृत्युदंड ऐकलेले एकंदर पस्तीस जण होते. त्यांत रिचमंडचे सोळाही आले. एकालाही गोळी घातली गेली नाही, कारण तशी तजवीज मुख्य प्रधानांनी अगोदरच केलेली होती. निकाल वाचणाऱ्याला शेवट ठाऊक होता, ऐकणाऱ्यांना नव्हता.

येथे कथा संपली असे वाटेल. परंतु विवेकाची खरी परीक्षा माझ्या मते येथून पुढे सुरू होते, आणि ती मृत्यूच्या परीक्षेहून कठीण आहे. सरकारने ऑगस्ट १९१६ मध्ये नवी योजना काढली. ज्यांचा विवेक खरा ठरेल त्यांनी तुरुंगाऐवजी मुलकी देखरेखीखाली राष्ट्रोपयोगी काम करावे. पुष्कळांनी मान्य केले. स्कॉटलंडात ॲबर्डीनजवळ डाइस येथे सुमारे अडीचशे जणांना ग्रॅनाइट फोडावयास लाविले. राहावयास जुने, गळके तंबू. सप्टेंबरात वॉल्टर रॉबर्ट्स नावाचा तरुण तेथे न्यूमोनियाने वारला, आणि पुढच्याच महिन्यात ती छावणी मोडण्यात आली. पण खरे दुखणे तंबूंचे नव्हते. मी फोडलेल्या खडीचा रस्ता कोठे जातो? माझ्या जागी मोकळा झालेला मजूर खंदकात गेला, तर मी युद्धापासून अलिप्त राहिलो कसा? असे प्रश्न एकदा मनात शिरले की झोप लागत नाही.

कॉर्डर कॅचपूल याचे उदाहरण पाहा. हा क्वेकर. १९१४ साली युद्ध सुरू होताच काही क्वेकर तरुणांनी जखमींच्या सेवेसाठी रुग्णवाहिका पथक काढले. कॅचपूल त्यात गेला आणि आघाडीच्या मागे घायाळांची शुश्रूषा करीत राहिला. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही. बोअर युद्धात १८९९ साली गांधीजींनीही असेच पथक उभारले होते. परंतु सक्तीचा कायदा झाल्यावर कॅचपूलला दिसू लागले की, आपण ज्याला बरे करतो तो पुन्हा गोळ्या झाडण्यास जातो, आणि आपले पथक त्या यंत्राचेच एक चाक झाले आहे. तो परत आला, कोणतेही पर्यायी काम नाकारले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. पथकातील त्याचे सोबती मात्र जखमी उचलीतच राहिले. कॅचपूलचे बरोबर की त्यांचे? मी पुष्कळ वेळा विचार केला. ज्या शिपायाचा पाय त्या पथकाने वाचविला, त्याला विचारले तर उत्तर एक येईल. कॅचपूलच्या जागी उभे राहिले तर दुसरे. मला स्वतःला शिपायाचे उत्तर जवळचे वाटते.

कॅचपूलसारख्या पूर्णनकाऱ्यांच्या वाट्याला एक विलक्षण चक्र आले. शिक्षा भोगून संपली की तुरुंगाच्या दारातून त्यांना थेट पलटणीत नेत, तेथे गणवेश चढविण्याचा हुकूम होई, ते नाकारीत, पुन्हा लष्करी न्यायालय, पुन्हा सक्तमजुरी. गुन्हा एकच, शिक्षा दोनदा, तीनदा, चारदा. तुरुंगात सक्तीचे मौन असे. स्टीफन हॉबहाउस या क्वेकराने तेही मोडले. शेजारच्या कैद्याशी न बोलणे हे आपल्याला पाप वाटते, असे त्याने कळविले.

हे वाचीत असता मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. खिडकीची काच फुटली होती. कोणी फोडली हे त्याने पाहिले होते, आणि तो सांगेना. खोटे बोलला नाही. “ठाऊक आहे, पण सांगणार नाही, गुरुजी,” एवढेच म्हणाला. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी विचारले, तेच उत्तर, पुन्हा बाहेर. असे चार दिवस चालले. मी तेव्हा ठाम समजत होतो की, हा हट्ट आहे, आणि हट्ट मोडला पाहिजे. पाचव्या दिवशी काच फोडणारा आपण होऊन पुढे आला, आणि माझी सुटका झाली. होय, माझीच, कारण त्या मुलाचे तोंड पाहून मला समजून चुकले होते की, तो महिनाभर उभा राहिला असता.

असो. लष्करी न्यायालयापुढे निदान एकदा तरी उभे राहिलेल्यांची संख्या सहा हजारांच्या घरात जाते, आणि तुरुंगात, छावणीत किंवा त्या हालांमुळे पुढे मृत्यू पावलेल्यांची सत्तरच्या आसपास. रिचमंडचा मार्टल्यू डाइस येथे गेला होता. १९१७ साली यॉर्कजवळ ऊझ नदीत त्याचे प्रेत सापडले. याच काळात खंदकात लक्षावधी तरुण मेले, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या आयांना या सत्तर जणांविषयी कळवळा वाटला नाही, तर त्यात नवल नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, तरी नकाऱ्यांची सुटका १९१९ सालच्या उन्हाळ्यापर्यंत रेंगाळली. शिवाय १९१८ च्या नव्या कायद्याने ज्यांनी युद्धकाळात कोणतेही राष्ट्रकार्य केले नव्हते, अशा नकाऱ्यांचा मताधिकार पाच वर्षांसाठी काढून घेतला. ब्रॉकल्स्बी मास्तर सुटल्यावर क्वेकरांबरोबर व्हिएन्नास गेले आणि काल-परवापर्यंत शत्रू असलेल्यांच्या उपाशी मुलांना अन्न पोहोचविण्याच्या कामाला लागले.

वीस वर्षांनी इंग्लंडावर पुन्हा तीच पाळी आली. १९३९ साली सक्तीचा कायदा पार्लमेंटपुढे मांडणारे मुख्य प्रधान नेव्हिल चेंबरलेन हे पहिल्या युद्धात बर्मिंगहॅमच्या पंचमंडळावर बसलेले होते. खऱ्या नकाऱ्याला जबरदस्तीने वळविण्यात वेळ फुकट जातो, असे त्यांनी स्वानुभवाने सांगितले. या खेपेस मंडळावर न्यायाधीशाला अध्यक्ष नेमले आणि लष्कराचा प्रतिनिधी उठविला. सुमारे साठ हजारांनी नकार नोंदविला. संपूर्ण बिनशर्त सूट फार थोड्यांना मिळाली. परंतु शेती, इस्पितळे, जंगले यांतील कामे पुष्कळांना देण्यात आली, आणि फ्रान्समधला तो कवायतीच्या मैदानावरचा प्रकार पुन्हा घडला नाही. आईवर चालून येणारा शिपाई मात्र याही खेपेस प्रश्नांतून पुरता नाहीसा झाला नव्हता.

क्वेकरांचे रुग्णवाहिका पथकही या युद्धात नव्याने उभे राहिले. त्याच्यातर्फे चीनमध्ये सेवा करून स्वदेशी परतणारा एक तरुण वास्तुशास्त्रज्ञ बोटीची वाट पाहत मुंबईस अडकून पडला. त्याने टाकाऊ कापडाचे जोडे स्वतः शिवून पायात घातले होते. मुंबईतील त्या मुक्कामात त्याची गांधीजींशी भेट झाली, आणि गांधीजींचे लक्ष प्रथम गेले ते त्या जोड्यांकडे. हा तरुण म्हणजे लॉरी बेकर. १९४५ साली तो भारतात परत आला, आधी महारोग्यांच्या इस्पितळांच्या इमारती बांधीत राहिला, मग केरळात स्वस्त आणि सुबक घरे. आणि २००७ साली तिरुवनंतपुरम येथे, भारताचा नागरिक म्हणून वारला.

रिचमंडच्या किल्ल्यातील कोठड्या अजून उभ्या आहेत. भिंतींना चुन्याची सफेदी आहे आणि तिच्यावर त्या कैद्यांनी पेन्सिलीने काढलेली चित्रे, लिहिलेली नावे, बायबलातील वचने आहेत. ब्रॉकल्स्बी मास्तरांनी आपल्या वाग्दत्त वधूचे चित्र तेथे रेखाटले. दुसरे चित्र आहे ते क्रूस खांद्यावर घेऊन चाललेल्या माणसाचे. पुढे त्याच कोठड्यांत इतर गुन्ह्यांसाठी कोंडलेल्या शिपायांनीही त्याच भिंतींवर आपली नावे लिहिली, कोठे कोठे पहिल्या नावांना अगदी चिकटून. ओल धरून सफेदीचे पापुद्रे सुटू लागले आहेत, आणि ते पडू नयेत म्हणून जपणूक चालू आहे.